लिना जेवत नाही: ‘बेला मार्था’ मधल्या एका ताटाची केस

आठ वर्षांची मुलगी. आई कार अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेली, त्याच गाडीत ही पण होती, ही वाचली. वडील इटलीत कुठेतरी आहेत, नक्की कुठे ते कोणालाच माहीत नाही. आता राहायचं मावशीकडे, आणि मावशी हॅम्बुर्गमधल्या एका महागड्या रेस्टॉरंटची मुख्य शेफ. मुलगी जेवत नाही. मावशी शहरातल्या उत्तम स्वयंपाक्यांपैकी एक, आणि तिच्याच घरात एक लहान मूल उपाशी बसलंय, तिने केलेल्या कुठल्याच पदार्थाला हात लावत नाही.

‘बेला मार्था’ या 2001 च्या जर्मन सिनेमातली ही परिस्थिती आहे. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही सांड्रा नेटेलबेक या बाईंचं. जगभर तो ‘मोस्टली मार्था’ नावाने गेला, 2007 मध्ये हॉलिवूडने ‘नो रिझर्वेशन्स’ नावाने त्याचा रिमेक केला, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांनी रिमेकच आधी पाहिलाय. पोस्टरवर दोन शेफ, त्यांचं भांडण आणि मग प्रेम, त्यामुळे हलकीफुलकी रोमँटिक कॉमेडी म्हणून लोक बघतात आणि विसरतात. मला यातली मुलीच्या जेवणाची गोष्ट केस म्हणून उलगडून बघायचीये, म्हणजे कोणी काय केलं, काय चाललं नाही, काय चाललं आणि का, कारण माझ्या मते अख्ख्या सिनेमाचं प्रेमप्रकरण त्या एका ताटातून सुरू होतं आणि ते ताट नीट कळलं नाही तर पुढचं सगळं नेहमीचंच वाटतं. (शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.)

मावशी म्हणजे मार्था क्लाइन, काम केलंय मार्टिना गेडेकने, या भूमिकेसाठी तिला 2002 चा जर्मन फिल्म पुरस्कार मिळाला आणि मिळायलाच हवा होता. मार्था ‘लिडो’ नावाच्या रेस्टॉरंटचं किचन चालवते. कामात एक नंबर, पण गिऱ्हाइकाने फ्वा ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं लिव्हर) नीट शिजलं नाही म्हटलं तर ही बाहेर येऊन त्यालाच सुनावणार की ते अगदी बरोबर शिजलंय, तुम्हालाच कळत नाही. असं दोनचारदा झाल्यावर मालकीण फ्रिडा तिला सांगते, थेरपिस्टकडे जा, नाहीतर नोकरी गेली समज. मग मार्था थेरपिस्टकडे जाते आणि तिथे झोपून त्याला कबुतर कसं शिजवायचं ते सांगते. अगदी तपशिलात. स्वतःबद्दल एक शब्द नाही. त्याने विचारलं तू इथे का येतेस, तर म्हणते मालकीण काढून टाकेल म्हणून.

हे सगळं बघताना हसू येतं, पण केस म्हणून बघितलं तर इथेच रोगाचं लक्षण दिसतं. मार्थाला जगाशी बोलायची एकच रीत माहितीये, रेसिपी. प्रमाण, तापमान, वेळ. जे मोजता येतं ते तिच्या हातात आहे आणि जे मोजता येत नाही ते तिच्यासाठी नाहीच. किचनमध्ये फार झालं की ती कोल्ड रूममध्ये जाऊन एकटी उभी राहते, दार बंद, थंडी, शांतता. थोड्या वेळाने बाहेर येऊन परत कामाला.

ज्यांनी मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काम केलंय त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल. युरोपातल्या मोठ्या किचनची मांडणी ऑग्युस्त एस्कॉफिए (1846-1935) या फ्रेंच शेफने लष्करासारखी बसवली, प्रत्येकाचं स्टेशन ठरलेलं, सॉसवाला सॉस बघणार, माशावाला मासा, वर सू शेफ, त्याच्यावर शेफ, आणि ऑर्डर आली की शेफ पुकारतो आणि खालचे ‘येस शेफ’ म्हणतात. आपल्याकडच्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात पण हीच पद्धत शिकवतात. एकदा सर्व्हिस सुरू झाली, केओटी म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या येत राहिल्या, की दोन-तीन तास तिथे भावनेला जागाच नसते, आठ नंबरच्या टेबलाचा मासा आणि त्याच टेबलाचं मटण एकाच वेळी पासवर, म्हणजे तयार ताटं वेटर उचलतात त्या कट्ट्यावर, पोचलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. आता विचार करा की ज्या माणसाला आयुष्यात ‘नंतर’ नकोच आहे त्याच्यासाठी ही जागा किती सोयीची आहे. मार्थाने दुःख, एकटेपणा, बहिणीशी असलेलं नातं, सगळं त्या सर्व्हिसच्या मागे ढकलून ठेवलंय.

आणि मग बहीण जाते, आणि लिना घरी येते, जी ढकलता येत नाही.

काय काय करून बघितलं

मार्था तिला येतं ते करते, म्हणजे स्वयंपाक. चांगला, मन लावून, रेस्टॉरंटच्या तोडीचा. लिना हात लावत नाही. इथे लक्षात घ्या की मार्थाच्या प्रेमात खोट अजिबात नाहीये, ती खरोखर धडपडतेय. पण तिची धडपड समोरून येते, ताट पुढे ठेवून ही उभी, मुलगी खाते का बघत. रिमेकमध्ये केट (कॅथरीन झीटा-जोन्स) भाचीसमोर अख्खा मासा ठेवते, डोक्यासकट, मुलगी त्या माशाकडे बघत बसते. प्रसंग विनोदी आहे पण अर्थ तोच, वाढणारीला आपल्या पदार्थापलीकडे समोरचं मूल दिसत नाहीये.

सांभाळायला बाई ठेवून बघते, ते पण जमत नाही. शेवटी दुसरा इलाजच नाही म्हणून लिनाला रात्री स्वतःबरोबर किचनमध्ये आणायला लागते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, की पुढे जे चांगलं होतं त्याची सुरुवात कुठल्या शहाण्या निर्णयातून झालेली नाही, निव्वळ गैरसोयीतून झालीये. लहान मुलीने रात्री उशिरापर्यंत गरम तेल, सुऱ्या आणि आरडाओरडा असलेल्या जागी बसावं हे कोणी मुद्दाम सुचवणार नाही.

दरम्यान लिडोमध्ये एक गोष्ट घडलेली असते. सू शेफ लेआ गरोदर, तिचे दिवस भरत आलेत, मार्था घरच्या संकटात, म्हणून फ्रिडाने मार्थाला न विचारता एक नवा माणूस घेतलाय. मारिओ, इटालियन, काम केलंय सेर्जिओ कास्टेलिटोने. हा किचनमध्ये गाणी लावतो, स्वतः गातो, पोरांना हसवतो. मार्थाला वाटतं हा माझी खुर्ची घ्यायला आलाय. भांडण व्हायचं ते होतंच, आणि मग मारिओ सरळ सांगतो की तुला मी इथे नको असेन तर मी जातो, मी ही नोकरी घेतली ती तुझ्या हाताखाली काम करायला मिळेल म्हणून, तुझं काम मला आवडतं म्हणून. आता याच्यावर भांडणार कसं? मार्था नमते.

ते ताट

लिना किचनच्या एका कोपऱ्यात बसलीये. आजूबाजूला सर्व्हिसची धावपळ. मारिओने स्पगेटी केलीये, रेस्टॉरंटच्या मेनूतली नाही, आपली साधी, किचनमधल्या माणसाने स्वतःच्या पोटासाठी करावी तशी. तो येऊन तिच्याजवळ बसतो आणि स्वतः खायला लागतो. तिला विचारत नाही खाणार का. तिच्याकडे फार बघत पण नाही. खातोय, मजेत खातोय, आणि मग काहीतरी काम निघतं तसं ते ताट तिच्या हातात देऊन निघून जातो, जणू फक्त धरायला दिलंय. आता मुलीच्या हातात गरम स्पगेटी, वास येतोय, आणि कोणीही तिच्याकडे बघत नाहीये. ती खाते. आधी थोडी, मग भराभर. लांबून मार्थाला दिसतं.

एवढंच. सिनेमात याला मोठं संगीत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही.

हे का चाललं? माझं म्हणणं असं की मारिओने मुलीवरची नजर काढून घेतली. आपल्याकडे मूल जेवत नसलं की चिऊचा घास काऊचा घास करून अख्खं घर त्या एका तोंडाकडे बघत बसतं, आणि मूल जितकं मोठं, जितकं दुखावलेलं, तितकं त्या नजरांखाली घास गिळणं अवघड. लिनाच्या बाबतीत तर जेवण म्हणजे कबुली आहे. आई गेली आणि मी जेवते, म्हणजे मी पुढे जगायला तयार झाले. मावशीच्या ताटावर हो म्हणणं म्हणजे मावशीच्या घराला हो म्हणणं, आईच्या जागी ही, असं मान्य करणं. आठ वर्षांच्या मुलीला हे बोलून दाखवता येणार नाही पण पोटाला सगळं कळतं. मारिओने तो प्रश्नच टेबलावरून उचलला. त्याच्या ताटातलं खाणं म्हणजे कोणालाच हो म्हणणं नाही, एका माणसाचं उरलेलं अन्न संपवणं फक्त.

दुसरी गोष्ट पदार्थाची. स्पगेटी नीटनेटकी खाता येत नाही. तोंडाला लागते, हनुवटीवर सॉस येतो, सुर्र आवाज येतो. मार्थाच्या पदार्थांना आब आहे, प्लेट पुसून, सॉसचा थेंब जिथल्या तिथे, त्यात हात घालायची भीती वाटावी असे. असं ताट दुःखात असलेल्या माणसाकडूनही नीट वागण्याची अपेक्षा करतं. स्पगेटी काही अपेक्षा करत नाही.

आणि तिसरी गोष्ट जी मला दुसऱ्यांदा बघताना लक्षात आली आणि तेव्हापासून मी हा सिनेमा रिमेकपेक्षा फार वरचा मानतो. लिनाचा बाप इटालियन आहे. तिच्या निम्म्या रक्ताबद्दल तिला कोणी काही सांगितलेलं नाही, ती त्या बापाबद्दल स्वप्नं बघत बसते, आणि या जर्मन शहरात, या थंड मावशीकडे, अचानक एक इटालियन माणूस इटालियन गाणी म्हणत इटालियन जेवण करतोय. तिची भूक त्या माणसाकडे बघून परत आली यात नवल नाही. मारिओ हे त्या मुलीचं हरवलेलं अर्धं घर आहे. म्हणून मार्था खूश होऊन जेव्हा म्हणते की तुझी एक इच्छा पूर्ण करते, तेव्हा लिना मागते काय, तर मारिओने आपल्या घरी येऊन स्वयंपाक करावा.

मग तो प्रसंग येतो, मार्थाला तिच्याच स्वयंपाकघरात प्रवेश नाही, आत मारिओ आणि लिना धुडगूस घालतायत, आणि जेवण होतं खाली जमिनीवर बसून. मार्थाने नंतर आपल्या ओट्याची अवस्था बघितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा आहे. पण लिनावर झालेला इलाज इथे मावशीवर पण लागू होतो, कोणीतरी तिच्यासाठी शिजवलंय, आणि प्रमाण, तापमान, वेळ यातलं काहीच तिच्या हातात नाही, तिने फक्त खायचंय. पुढे मारिओ तिचे डोळे बांधून एक रस्सा चाखवतो आणि यात काय काय आहे ओळख म्हणतो, ती एकेक घटक सांगत जाते. याच्याइतका सुंदर प्रेमप्रसंग किचनच्या सिनेमात मी दुसरा पाहिलेला नाही. कारण तो मार्थाला बदल म्हणत नाही. तुझं जे सगळ्यात चांगलं आहे, तुझी जीभ, ती वापर, फक्त या वेळी चमचा माझ्या हातात आहे, असं काहीसं ते आहे.

जे बिघडलं

इथपर्यंत वाचून वाटेल मुलगी जेवली म्हणजे झालं. पण तसं नाही. लिना आता रोज किचनमध्ये, रात्री उशिरापर्यंत, सगळे तिचे लाड करतायत, आणि शाळा बुडतेय. शाळेतून बोलावणं येतं तेव्हा कळतं की हिने तिथे सांगितलंय, मावशी मला राहण्या-खाण्याच्या बदल्यात कामाला लावते. मालकिणीलाही मुलीचं किचनमधलं बसणं पटत नाही. मार्था मग तिला किचन बंद करते. आणि लिना घरातून पळते, इटलीला निघालेली.

नेटेलबेक बाईंनी हे दाखवलं म्हणून मी त्यांना मानतो. मुलीला जेवायला लावणारी जागा आणि मुलीला वाढवायची जागा एकच असेल असं नाही. किचनने तिला माणसं दिली, भूक परत दिली, पण किचनला झोपेची वेळ, गृहपाठ, सकाळी सातचा गजर हे काही माहीत नाही. आणि मार्थाने तिला किचनमधून काढलं ते चुकीचं नव्हतं, फक्त जी एकमेव गोष्ट मुलीला धरून होती तीच काढली आणि तिच्या जागी दुसरं काही दिलं नाही.

त्यातच मार्थाने मारिओच्या मदतीने इटालियनमध्ये लिहून घेतलेल्या पत्राला फळ येतं, बाप सापडतो. ज्युसेप्पे हॅम्बुर्गला येतो आणि लिनाला घेऊन इटलीला जातो, तिथे त्याचं स्वतःचं कुटुंब आहे. हा माणूस वाईट नाही. खलनायक असता तर सोपं होतं. मुलीचा बाप आहे, हक्काने आलाय, आणि मार्थाने स्वतःच त्याला शोधलाय. मार्था कोसळते, मारिओला पण जवळ येऊ देत नाही, आणि मग किचनमध्ये एक गिऱ्हाईक मांस जास्त शिजलंय म्हणून सारखं परत पाठवत राहतं तेव्हा ही कच्चं मांस नेऊन त्याच्या टेबलावर आपटते आणि नोकरी सोडून चालू लागते. सुरुवातीचा फ्वा ग्राचा वाद आणि हा प्रसंग वरवर सारखे आहेत, पण तेव्हा ती पदार्थासाठी भांडत होती, आता पदार्थाशी तिचं काही देणंघेणं उरलेलं नाही.

तीच केस, दुसरे डॉक्टर

‘नो रिझर्वेशन्स’ चा दिग्दर्शक स्कॉट हिक्स, ज्याने 1996 मध्ये ‘शाइन’ केला होता, संगीत फिलिप ग्लास, मुलीच्या, म्हणजे झोईच्या, भूमिकेत ‘लिटल मिस सनशाइन’ वाली अ‍ॅबिगेल ब्रेस्लिन, तिचं काम खरंच छान आहे. हॅम्बुर्गच्या जागी न्यूयॉर्कचं ग्रीनिच व्हिलेज, मारिओच्या जागी निक म्हणजे आरन एकहार्ट, इटालियन ऑपेराचं वेड असलेला अमेरिकन. प्रसंग जवळपास तेच, कोल्ड रूम, थेरपिस्ट, स्पगेटी, डोळे बांधणं.

पण दोन गोष्टी बदलल्या आणि केस हलकी झाली. एक, बाप काढून टाकला. मुलीला न्यायला कोणी येतच नाही, त्यामुळे मावशीला तिला सोडून देण्याची वेळ येत नाही, आणि सोडून देणं हाच तर मार्थासारख्या माणसाचा खरा कस. त्याजागी भांडण आलं नोकरीचं, निकला मुख्य शेफची जागा देऊ करतात आणि केट दुखावते. हे भांडण खोटं नाही, किचनमध्ये असं होतंच, पण ते दोन मोठ्यांचं भांडण आहे, मुलगी त्यात बाजूला पडते. रिमेकमध्ये पण मुलगी पळते, आईच्या कबरीकडे. बघताना डोळ्यात पाणी येतं. तरी फरक बघा, झोई आईच्या आठवणीकडे पळाली, लिना जिवंत माणसाकडे पळाली होती. आठवणीकडे गेलेल्या मुलीला घरी आणता येतं. बापाकडे निघालेल्या मुलीला कोणत्या तोंडाने थांबवणार?

दोन, निक अमेरिकन झाला आणि स्पगेटी नुसती स्पगेटी झाली. ताट तेच, माणूस तितकाच प्रेमळ, पण मुलीच्या हरवलेल्या अर्ध्या घराचा धागा तुटला, मग उरतं काय तर गोड माणूस मुलांशी छान वागतो.

संगीताबद्दल एक सांगायचं राहिलं. जर्मन सिनेमात कीथ जॅरेटचा पियानो आहे आणि पाओलो कोंतेचं इटालियन गाणं आहे, आणि दोन्ही एकमेकांशी बोलल्यासारखे येतात, पियानो मार्थाच्या एकटेपणाचा, गाणं मारिओबरोबर आलेल्या गडबडीचा. हेडफोन लावून बघा.

माझी एक तक्रार आहे आणि ती शेवटाबद्दल. मार्था मारिओला म्हणते माझ्याबरोबर इटलीला चल, दोघं गाडीने जातात, लिना परत येते, लग्न होतं, सगळे आनंदात. प्रेक्षक म्हणून मलाही तेच हवं होतं. पण केस म्हणून विचारलं तर ज्युसेप्पे आणि त्याच्या बायकोने काय ठरवलं, का ठरवलं, लिनाने बापाला काय सांगितलं, यातलं जवळजवळ काहीच आपल्याला ऐकू येत नाही. एका मुलीचा ताबा एका घरातून दुसऱ्या घरात गेला आणि तो निर्णय पडद्याबाहेर झाला. ज्या दिग्दर्शिकेने एका स्पगेटीच्या ताटाला इतका वेळ दिला, त्या ताटाच्या वेळी कोण बघतंय आणि कोण बघत नाही इतकं बारीक दाखवलं, तिने त्या इटलीतल्या घरात एकदा सगळ्यांना जेवायला बसवायला हवं होतं, ज्युसेप्पे, त्याची बायको, त्याची मुलं, मार्था, मारिओ आणि मध्ये लिना. ती तिथे कोणाच्या ताटातलं खाते हे मला बघायचं होतं.